जपानच्या सैन्याला गोंडस का दिसायचं असतं?

पॅप्रिका नावाचं एक राज्य आहे. तिथला राजपुत्र पिकल्स. डोकं धडापेक्षा मोठं, डोळे बशीएवढे. राज्यात सगळं आलबेल, त्यामुळे सैन्य हवंच कशाला, असा त्याचा भाबडा प्रश्न. पुढे शेजारच्या ब्रोकोली देशातली पार्सली नावाची मुलगी त्याला भेटते, तिथलं सैन्य लोकांच्या मदतीला कसं धावतं ते तो बघतो, आणि दुष्ट साम्राज्य चालून आल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: शांतता टिकवायची तर सैन्य ठेवावं लागतं.

पात्रांची नावं ऐकून भाजी मंडईत आल्यासारखं वाटेल. पण पिकल्स हा १९९०च्या दशकात जन्मलेला जपानच्या स्वसंरक्षण दलांचा शुभंकर आहे, आणि त्याचं हे कॉमिक संरक्षण खात्याच्या जनसंपर्कासाठी निघालं. आज एफ-३५ विमानं, पाणबुड्या आणि हेलिकॉप्टरवाहू जहाजं बाळगणाऱ्या, खर्चाच्या हिशेबात जगातल्या पहिल्या दहा-बारा सैन्यांत बसणाऱ्या दलांनी आपला चेहरा म्हणून हे गुटगुटीत बाळ पुढे केलं. दुसऱ्या एखाद्या देशात असं झालं असतं, तर जवानांनीच नाराजी व्यक्त केली असती. जपानमध्ये कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही.

हे समजून घ्यायचं तर सुरुवात कायद्यापासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर १९४७ मध्ये जपानमध्ये नवी राज्यघटना लागू झाली. तिचं नववं कलम म्हणतं की जपानने युद्धाचा हक्क कायमचा सोडला आहे आणि हा देश भूदल, नौदल, हवाई दल बाळगणार नाही. शब्दाला धरून चाललं तर तिथे सैन्य असूच शकत नाही. पण १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं, जपानमधल्या अमेरिकन फौजा तिकडे रवाना झाल्या, आणि मागची पोकळी भरायला ‘राष्ट्रीय पोलीस राखीव दल’ उभं राहिलं. नाव पोलिसांचं, काम सैन्याचं. त्यातूनच १९५४ मध्ये आजची स्वसंरक्षण दलं आकाराला आली. स्वतःच्या रक्षणापुरतं किमान बळ ठेवायला घटना आड येत नाही, असा सरकारचा युक्तिवाद. तो सगळ्यांच्या गळी उतरला नाही. १९७३ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने तर ही दलं घटनाबाह्य आहेत असाच निकाल दिला. वरच्या न्यायालयात तो टिकला नाही, तरी वाद मिटला असंही झालं नाही.

ज्या नोकरीच्या वैधतेवरच कोर्टात खल चालतो, ती करणाऱ्याकडे लोक कसे बघत असतील? ओकिनावात १९४५च्या लढाईत सामान्य माणसं प्रचंड संख्येने मारली गेली होती. १९७२ मध्ये ते बेट अमेरिकेकडून जपानला परत मिळालं आणि दलाचे जवान तिथे बदलून आले, तेव्हा नाहा शहराच्या प्रशासनाने काही काळ त्यांची रहिवासी म्हणून नोंद करायलाच नकार दिला. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे नावाचं गाव आहे, पिढ्यानपिढ्या घरटी फौजी देणारं. गणवेशाचा मान तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जपानच्या दलांना तो मान वारशाने मिळाला नाही. उलट वारशात मिळाली ती बदनामी.

म्हणून पहिली काही दशकं त्यांनी एक साधा मार्ग धरला: बंदूक मागे, फावडं पुढे. भूकंप, पूर, दरड, जिथे संकट तिथे जवान. साप्पोरोच्या बर्फ महोत्सवात १९५५ पासून दलाचे लोक बर्फाची मोठमोठी शिल्पं उभारत आले आहेत. किल्ले, मंदिरं, पुढे कार्टूनमधली पात्रंसुद्धा. थंडीत दिवसेंदिवस बर्फ रचणाऱ्या माणसांवर किती काळ डाफरणार?

मग १९९१चं आखाती युद्ध आलं. जपानने तब्बल १३ अब्ज डॉलर दिले, पण लढायला जवान पाठवले नाहीत, आणि जगाने आभार मानण्याऐवजी टोमणे मारले. १९९२ मध्ये नवा कायदा करून संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेसाठी कंबोडियात तुकडी गेली. आता घरच्या मतदाराची समजूत काढणं आलं. राजपुत्र पिकल्स त्याच सुमाराचा, हे लक्षात घेतलं की कॉमिकमधला त्याचा सुरुवातीचा प्रश्न कुणाच्या तोंडचा आहे ते कळतं. सैन्य कशाला हवं, असं विचारणारा तो सामान्य जपानी नागरिकच आहे. खात्याने त्याला गप्प बसवलं नाही, त्याला नायक केलं आणि मत बदलून घरी पाठवलं.

जपानमध्ये शुभंकर ही चैन नाही, सरकारी सवय आहे. टोकियोच्या पोलिसांकडे १९८७ पासून पिपो-कुन आहे. कुमामोतो प्रांताचा काळा अस्वल कुमामोन तर जगभर विकला जातो. पाणीपुरवठ्यापासून करवसुलीपर्यंत कुठल्याही खात्याचं बाहुलं सापडेल. अशा देशात सैन्यानेही बाहुलं काढलं की त्यातून न बोलता एक गोष्ट सांगितली जाते: आम्हीही एक खातंच आहोत, बाकीच्यांसारखं.

कुणाला वाटेल की गोडवा ही शांततेच्या काळातली उपज. इतिहास तसं म्हणत नाही. १९३१ पासून एका लोकप्रिय मुलांच्या मासिकात नोराकुरो नावाच्या कुत्र्याची मालिका येत होती. अनाथ, काळा, भटका कुत्रा कुत्र्यांच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती होतो आणि धांदरटपणा करत करत बढत्या मिळवतो. मुलं त्याच्यावर जीव टाकायची.

आणि १९४५च्या एप्रिलमध्ये, देश हरायला आलेला असताना, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट पडद्यावर आला. ‘मोमोतारो: समुद्राचे दैवी सैनिक’. खर्च नौदलाचा. मोमोतारो हा तिथल्या लोककथेतला, पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा. सिनेमात तो सेनापती आहे आणि त्याचे सैनिक म्हणजे अस्वल, माकड, ससे. सुरुवातीला हे सैनिक सुट्टीवर आपल्या डोंगरातल्या गावी जातात, भावंडांशी खेळतात, गवतात लोळतात. मग दक्षिणेकडच्या बेटावर विमानतळ बांधला जातो. तिथले स्थानिक प्राणी, म्हणजे जिंकलेल्या मुलखातली माणसं, जपानी मुळाक्षरं गाण्याच्या चालीवर शिकतात. प्राण्यांचा हा वर्ग बघताना हसू येतं, आणि आपण साम्राज्याची शाळा बघतोय हे विसरायला होतं. शेवटी छत्रीधारी अस्वलं खाली उतरतात आणि डोक्यावर शिंगं असलेले ब्रिटिश अधिकारी थरथरत इंग्रजीत शरणागती पत्करतात. पुढे जपानी कॉमिक्सचा पितामह ठरलेला ओसामू तेझुका तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा होता. ओसाकातल्या थिएटरात हा सिनेमा बघून तो भारावून गेला. प्रचारपट चांगला बनवला की असं होतं. पिकल्सला हा पूर्वज लाभलेला आहे, भले खातं त्याचं नाव घेत नसेल.

आता चालू शतकाकडे. दलांची भरती बघणारी प्रांतवार कार्यालयं आहेत, एकूण ५०. प्रत्येक प्रांताचं एक, होक्काइदोची चार. यांना पोस्टर काढायची बरीच मोकळीक असते, आणि खरी गंमत तिथे घडते. जवळपास प्रत्येकाचा स्वतःचा शुभंकर आहे. २०१० मध्ये तोकुशिमाच्या कार्यालयाने भरतीच्या पोस्टरवर तीन दलांचे गणवेश घातलेल्या तीन ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून धाटणीच्या, मुली छापल्या आणि देशभर चर्चा झाली. मोठे डोळे, रंगीत केस, किंचित लाजरं हसू. चित्रातल्या मुलीबद्दल वाटणाऱ्या या लडिवाळ ओढीला तिथे ‘मोए’ म्हणतात, आणि तिच्यावर एक अख्खा उद्योग उभा आहे.

किसाराझूच्या तळावर याची हद्द झाली. तिथे रणगाडे फोडणारी कोब्रा हेलिकॉप्टरं असायची. चिंचोळं अंग, नाकाखाली तोफ, बाजूला क्षेपणास्त्रांचे पंख. तळाच्या वार्षिक खुल्या दिवसासाठी जवानांनी त्यातल्या एकाच्या अंगावर ‘आकाने’ नावाची मुलगी रंगवली. पुढच्या खेपांना तिच्या बहिणीही आल्या. हजारो माणसं कॅमेरे घेऊन लोटली. शस्त्र तेच होतं, त्याची मारकक्षमता तसूभरही कमी झाली नव्हती. पण बघणाऱ्याची नजर तोफेवरून सरकून मुलीच्या चेहऱ्यावर स्थिरावली.

नजर अशी का सरकते, याचं एक उत्तर कोनराड लॉरेन्ट्स या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच दिलं होतं. मोठं डोकं, मोठे डोळे, उंच कपाळ, गोबरे गाल, आखूड हातपाय ही बाळाची लक्षणं दिसली की माणसाच्या मनात जपण्याची भावना आपोआप जागी होते, मग समोर मांजराचं पिल्लू असो नाहीतर कागदावरचं चित्र. सैन्याच्या बाबतीत यातून एक मजेशीर उलटापालट होते. एरवी सैन्य म्हणतं, आम्ही तुमचं रक्षण करतो. गोंडस सैन्य बघून आपल्यालाच त्याला सांभाळून घ्यावंसं वाटतं. त्याच्यावर रागावणं हा आपलाच खडूसपणा वाटू लागतो.

दुसरं म्हणजे चित्राशी वाद घालता येत नाही. मंत्री नवव्या कलमावर बोलला तर विरोधी पक्ष उत्तर देतो, वर्तमानपत्रं अग्रलेख लिहितात. राजपुत्र पिकल्सला कोण उत्तर देणार? जो देईल तो हास्यास्पद दिसेल. शिवाय चित्रातलं पात्र दारू पिऊन गाडी ठोकत नाही, निवडणूक लढवत नाही, म्हातारं होत नाही. आणि परदेशी वाहिन्या ‘बघा जपान्यांचं काय चाललंय’ म्हणत त्याला फुकटात जगभर दाखवतात. २००४-०५च्या सुमाराला सागरी दलाने एक जाहिरात केली. पांढऱ्या गणवेशातले नाविक जहाजाच्या डेकवर नाचतात आणि प्रेमासाठी, शांतीसाठी असं काहीतरी गातात. नाच यथातथाच होता. पण ती इंटरनेटवर इतकी फिरली की गंभीर जाहिरातीला सात जन्मांत तेवढे प्रेक्षक मिळाले नसते.

२००७ पासून ‘मामोर’ नावाचं एक मासिकही निघतं, संरक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने. मुखपृष्ठावर बहुधा गणवेश घातलेली मॉडेल किंवा गायिका. आत शस्त्रांची माहिती, जेवणाच्या पाककृती आणि चक्क लग्नाळू जवानांचं वधू-वर सदर, फोटो, छंद, अपेक्षांसकट. मला स्वतःला या सगळ्या प्रकारात हे सदर सर्वांत प्रभावी वाटतं. पोस्टरवरची मुलगी खोटी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तिशीतला, मासेमारीची आवड असलेला, लग्न जुळत नाही म्हणून अवघडलेला जवान खरा असतो.

परदेशातही हे चलन चाललं. २००४ मध्ये जपानचं भूदल इराकमधल्या समावा शहरात पुनर्बांधणीसाठी गेलं. त्याच काळात जपान सरकारने तिथे पाण्याचे टँकर दिले आणि त्यांवर ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलपटू मुलाची चित्रं चिकटवली. ही जपानी मालिका अरब देशांत ‘कॅप्टन माजिद’ नावाने घरोघरी बघितली जायची. आपल्याकडच्या मुलांना डोरेमॉन जितका घरचा वाटतो, तितकाच तो तिथल्या मुलांना. रस्त्याने जाणारा परदेशी टँकर एकदम ओळखीचा झाला. यात फसवणूक म्हणावी असं मला काही दिसत नाही. टँकरमध्ये खरंच पाणी होतं.

पण चित्र आणि आतला माल यांत अंतर पडलं की पंचाईत होते. २०१२ मध्ये शाळकरी मुली खेळ म्हणून रणगाडे चालवतात अशी एक ॲनिमे मालिका आली आणि ज्या ओआराई गावात ती घडते तिथे चाहत्यांची रीघ लागली. २०११च्या त्सुनामीने झोडपलेल्या त्या गावाला ही गर्दी हवीच होती. गावच्या उत्सवात दलाने खरा रणगाडा आणून ठेवला. गाव खूश, चाहते खूश, दल खूश. हाच धडा घेऊन २०१८-१९ मध्ये शिगा प्रांताच्या भरती कार्यालयाने दुसऱ्या एका मालिकेतल्या मुली पोस्टरवर घेतल्या. त्यांच्या स्कर्टखाली अंतर्वस्त्रासारखं काहीतरी दिसत होतं. लोक भडकले. मालिकेत ती अंतर्वस्त्रं नसून तोकड्या विजारी आहेत, असा खुलासा कार्यालयाने केला! पोस्टर शेवटी उतरवावं लागलं. ज्या दलांत दर दहा जवानांमागे एक स्त्रीही नाही, त्यांच्या पोस्टरवर जिकडेतिकडे मुलीच का, हा प्रश्न त्या निमित्ताने मोठ्याने विचारला गेला. ही पोस्टरं मुलींना बोलावण्यासाठी नव्हती, तरुण मुलांना थांबवून बघायला लावण्यासाठी होती.

रिना गोनोई यांची हकिगत इथे सांगायलाच हवी. २०११च्या त्सुनामीत त्या ११ वर्षांच्या होत्या. निवारा केंद्रात मदत करणाऱ्या दलातल्या स्त्रियांना बघून आपणही असंच व्हायचं हे त्यांनी ठरवलं आणि २०२० मध्ये त्या भरती झाल्या. तिथे सहकाऱ्यांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले. तक्रार करून दाद लागली नाही, तेव्हा नोकरी सोडून २०२२ मध्ये त्यांनी यूट्यूबवर स्वतःच्या नावानिशी सगळं सांगितलं. मंत्रालयाला जाहीर माफी मागावी लागली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकुशिमाच्या न्यायालयाने तिघा माजी जवानांना दोषी ठरवलं. गोनोई यांना दलात कुठल्या कार्टूनने आणलं नव्हतं. खऱ्या जवान स्त्रियांच्या खऱ्या कामाने आणलं होतं, आणि बाहेर घालवलं तेही आतल्या खऱ्या वागणुकीने.

आकडे हेच सांगतात. त्सुनामीनंतर सुमारे एक लाख जवान मदतकार्याला उतरले होते. त्यानंतरच्या, २०१२च्या सरकारी पाहणीत दलांबद्दल चांगलं मत असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. दलांकडून काय अपेक्षा आहे असं विचारलं की लोक सर्वांत आधी आपत्तीतली मदत सांगतात. इतकं प्रेम मिळूनही २०२३-२४ या वर्षात १९,५९८ जणांची भरती करायची होती आणि मिळाले ९,९५९. जेमतेम निम्मे. २०१८ मध्ये भरतीची वयोमर्यादा २६ वरून ३२ वर नेली, तरी ही गत. १८ ते २६ वयाचे जपानी १९९४ मध्ये १ कोटी ७० लाखांच्या घरात होते, आता १ कोटीच्या आसपास उरले आहेत. त्यांच्यामागे खासगी कंपन्याही हात धुऊन लागल्या आहेत. पगार, बदल्या, बराकीतलं आयुष्य यांवर ॲनिमे मुलीकडे तोडगा नाही. सैन्य आवडणं आणि सैन्यात जाणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे गोड पोस्टरं काढणाऱ्यांना एव्हाना चांगलंच उमगलं असणार.

मग हा खटाटोप वाया गेला का? मला तसं वाटत नाही. गोडव्याने रांगा लागल्या नाहीत, पण विरोधाची धार बोथट व्हायला त्याचा हातभार लागला असावा. २०२२च्या डिसेंबरमध्ये सरकारने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर खर्च करायचं आणि शत्रूच्या तळांवर मारा करू शकणारी क्षेपणास्त्रं घ्यायची असं ठरवलं. पन्नास वर्षांपूर्वी एवढ्यावर रस्ते भरले असते. या वेळी वाद झाला तो मुख्यतः पैसा कुठल्या करातून आणायचा यावर. याचं श्रेय चीन आणि उत्तर कोरियाच्या हालचालींना, युक्रेन युद्धाला आधी जातं, हे खरं. तरी तीस वर्षं शेजारच्या काकांसारखं वावरलेलं सैन्य एकाएकी परकं वाटत नाही, हाही त्यातला एक भाग आहे.

इतर देशही कार्टून वापरतात, पण रोख वेगळा असतो. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाचा बावळट शिपाई काढला तो स्वतःच्याच जवानांसाठी: गुपितं फोडू नका, मलेरियाच्या गोळ्या घ्या. व्हिएतनामच्या काळात तर एम-१६ रायफल साफ कशी ठेवायची याची पुस्तिकाच कॉमिकच्या रूपात निघाली. तैवानमध्ये २०२३ साली लढाऊ वैमानिकांच्या बाहीवर एक बिल्ला दिसला. त्यावर तैवानचं काळं अस्वल कार्टूनमधल्या विनी द पू या अस्वलाला ठोसा लगावतंय. पू म्हणजे चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग, हे तिकडे पोराटोरांनाही माहीत. बिल्ला दुकानांतून हातोहात खपला. तिथे गोडवा शत्रूला डिवचतो. जपानमध्ये त्याचं गिऱ्हाईक आपलाच नागरिक आहे.

त्यातला सर्वांत लहान नागरिक आता या खात्याच्या नजरेत भरला आहे. संरक्षण मंत्रालयाच्या वार्षिक श्वेतपत्रिकेची मुलांसाठीची आवृत्ती २०२१ पासून निघते. चित्रं, नकाशे, सोपी वाक्यं, आणि त्यातून चीन, उत्तर कोरिया, रशिया यांच्याबद्दल सरकारची चिंता. ही पुस्तिका इंटरनेटवर पडून होती तोवर कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. २०२४ची आवृत्ती छापून देशभरातल्या अनेक प्राथमिक शाळांना पाठवली गेली, तेव्हा मात्र काही ठिकाणी आक्षेप निघाले. नागासाकीत ते विशेष तीव्र होते. वर्गात चिनी किंवा रशियन आईबापांची मुलं बसतात, त्यांनी हे वाचून काय समजायचं, हा त्यातला एक प्रश्न होता. त्यावर चित्रातलं पात्र काही उत्तर देऊ शकत नाही. ते मंत्रालयालाच द्यावं लागेल.